राज्याची हिंसा, नक्षल्यांची हिंसा: तराजू एक की दोन?

प्रश्न: राज्यशास्त्र_नागपूर
एम.ए.च्या सेमिनारसाठी हा विषय घेतलाय आणि वर्गात दोन तट पडलेत. एक म्हणतो, खून तो खूनच, वर्दी असो की नसो. दुसरा म्हणतो, सरकारला शस्त्राचा अधिकार कायद्याने दिलाय, तुलनाच नको. गडचिरोली-बस्तर जवळून पाहिलेल्यांनी सांगावं. व्याख्या नकोत, त्या भरपूर आहेत.

जुना_दिवाणजी
गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे मी तेंदूफळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा होतात तिथे, दिवाणजी होतो. मे महिन्यात संध्याकाळी बाया पुडे आणून टाकायच्या, पुड्यात सत्तर पानं, मी मोजून वहीत मांडायचो. दादालोक, म्हणजे नक्षली, तिथेच यायचे. भाव वाढवा म्हणून ठेकेदाराला दम द्यायचे. भाव वाढला हे खरं, ठेकेदाराकडून त्यांचा वाटा गेला हेही खरं. रात्री त्यांनी भात मागितला की गाव घालायचं. बंदुकीला नाही कोण म्हणणार जी? सकाळी पोलीस पार्टी: 'कोणी जेवू घातलं?' मग पुन्हा दादालोक: 'पोलिसांनी काय विचारलं?' दोघांनाही उत्तर द्यायला गावचा पाटीलच पुढे. असा एक पाटील दादालोकांनी मारला. फाट्यावर पत्रक, वर लाल शाईत 'खबऱ्या'. पुरावा काय, तर तालुक्याला फार जातो. रेशनच्या कामाला जायचा.

सेमिनारला कसनासूर घ्या. २२ एप्रिल २०१८, इंद्रावतीच्या काठावर पोलीस-नक्षली चकमक. दुसऱ्या दिवशीची चकमक आणि नंतर नदीत सापडलेली प्रेतं धरून मेलेल्यांचा आकडा ४० पर्यंत गेला. गट्टेपल्लीची कुटुंबं म्हणाली, आमची पोरं लग्नाला निघाली होती. पोलीस म्हणाले, नुकतीच दलममध्ये, नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेली होती. पुढे जानेवारी २०१९ मध्ये नक्षल्यांनी कसनासूरचेच तीन गावकरी मारले, तुम्हीच खबर दिली म्हणून. मग १ मे रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला स्फोट, १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हर तर भाड्याच्या गाडीवरचा. त्याला कुठल्या बाजूला धरता?

माझं मत विचाराल तर तराजू दोनच हवेत, पण सरकारचा जास्त कडक. दादालोकांना मी मत दिलं नव्हतं. सरकार गोळी घालतं ती माझ्याही नावावर.

पोलिसाचा_भाऊ
दिवाणजी, सरकारकडून जास्त मागा, मान्य. पण तुम्ही 'सरकार' म्हणता तेव्हा मला चुलतभाऊ दिसतो. माडिया आदिवासी पोरगा, सी-६० मध्ये, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी कमांडो पथकात. सुट्टी मिळाली तरी स्वतःच्या गावात रात्र काढू शकत नाही. आईला भेटायचं तर तीच तालुक्याला येते. समोरून लढणारा आणि रस्त्याखाली स्फोटकं पुरून निघून जाणारा यांची चर्चा एका दमात झाली की डोकं फिरतं.

कोर्टातला_माणूस
भाऊ, राग समजतो. पण कडक तराजू का हवा, ते सीमेपलीकडे बघा. २००५ मध्ये छत्तीसगडात सरकारच्या पाठिंब्याने सलवा जुडूम हे नक्षलविरोधी दल उभं राहिलं, आदिवासी पोरांना एसपीओ (विशेष पोलीस अधिकारी) करून हातात बंदुका दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. सरकारने काय केलं? नवा कायदा करून त्याच पोरांना सहायक दलात घेतलं. तिथल्याच सारकेगुड्यात जून २०१२ मध्ये सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मारले गेले. मेलेले नक्षली होते याचा पुरावा नाही, असं न्यायालयीन आयोगाने म्हटलं. तो अहवाल बाहेर यायला २०१९ उजाडलं.

चकमकीतल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाचे सप्टेंबर २०१४ चे निर्देश आहेत, तेही सेमिनारमध्ये घ्या: एफआयआर, सीआयडीकडून किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, दंडाधिकारी चौकशी, आणि लगोलग शौर्यपदक किंवा बढती नाही. नक्षली गावात जी जनअदालत भरवून शिक्षा देतात, तिच्यावर असलं काही बंधन नाही, अपीलही नाही.

राज्यशास्त्र_नागपूर
सगळ्यांचे आभार. कसनासूर घेतो. सर, दंडाधिकारी चौकशीत गावकरी साक्ष देतात का?

जुना_दिवाणजी
नोटीस निघते, पेपरात येते: कोणाला काही सांगायचं असेल त्यांनी अमुक तारखेला कचेरीत हजर राहावं. पेपर गावात पोचतो कुठे? पोचला तरी नोटीस मराठीत, म्हाताऱ्यांना माडिया येते. त्यातूनही कोणी गेला, तर साक्ष देऊन त्याच जंगलातल्या रस्त्याने परतायचं, आणि रात्री दार वाजलं की सांगायचं कचेरीत काय बोललो ते. वकीलसाहेब, साक्षीदार आपल्या गावात राहूच शकेल याची सोय त्या निर्देशांत कुठे असेल तर सांगा.