व्हिक्टोरियन लंडनमधले खाऊवाले गिऱ्हाईक कसं खेचायचे?

रानवारा: सध्या १९व्या शतकातल्या लंडनबद्दल वाचतेय. गरम वाम मासा, वाटाण्याचं सूप, मटणाची पाई (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) विकणाऱ्यांकडे ना दुकान ना पेपरात जाहिरात द्यायला पैसे, मग लोकांना कळायचं कसं? आणि या खाण्याचा लोकांना एवढा आधार का वाटायचा?

जुनंपान: आवाज हीच जाहिरात. मफिन म्हणजे छोटे चपटे पाव विकणारा मफिनवाला हातातली घंटा वाजवत फिरायचा, त्या घंटेवर कायद्याने बंदी आली तरी ती काही थांबली नाही. पाईवाल्याची तर भारी पद्धत होती, गिऱ्हाईक नाणं उडवणार, पाईवाला छापा की काटा सांगणार, गिऱ्हाईक जिंकलं तर पाई फुकट आणि हरलं तर पेनीही (तिथलं छोटं नाणं) गेली नि पाईही नाही. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५०च्या आसपास या फेरीवाल्यांशी बोलून हे सगळं लिहून ठेवलंय, तो म्हणतो की नाणं न उडवता विकत घेणारे फार थोडेच असायचे.

कंदील: भाजलेल्या बटाट्यावाल्यांना विसरू नका, मला तर तेच सगळ्यात आवडतात! बटाटे बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचे आणि पत्र्याच्या डब्यात गरम ठेवायचे, डब्याखाली निखारे, आत उकळतं पाणी, वरून वाफ बाहेर. मीठ-लोण्याला त्यातच वेगळा कप्पा. डबा घासूनपुसून लखलखीत, त्यावर पितळेची पाटी, काहींना रंगीत काचेचे दिवेसुद्धा. थंडीच्या रात्री लांबून वाफ नि उजेड दिसला की पावलं आपोआप तिकडे वळणारच, वेगळी जाहिरात कशाला हवी? अर्ध्या पेनीला एक बटाटा, आणि काही लोक खाण्याआधी त्यावर हात शेकून घ्यायचे. आधाराचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. गरीब कुटुंबं एकेका खोलीत राहायची, ओव्हन नाही, कोळसा महाग, दिवसभर राबून आल्यावर चूल पेटवणार कोण? गरम घास रस्त्यावरच मिळायचा.

रानवारा: हा चुलीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, थँक्स! मग पाईवाले पुढे कमी का झाले?

जुनंपान: पेनीला पाई देणारी दुकानं निघाली ना. मेह्यूच्याच काळात फेरीवाले तक्रार करत होते की या दुकानांनी आमचा धंदा बसवला.