धर्मगुरूंच्या चुकांबद्दल समाजाने बोलावे की गप्प राहावे?

प्रश्न : बोरिवलीकर

आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक धर्मग्रामात) सणाची वर्गणी आणि चर्चच्या छपरासाठी जमलेल्या देणग्या यांचा हिशेब बराच काळ मिळाला नाही. विचारणा वाढली, तशी फादरांची बदली झाली आणि विषय तिथेच थांबला. आता काही कुटुंबांनी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणे सोडले आहे, तर ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे की घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, फादरांसाठी प्रार्थना करावी. प्रार्थना मीही करतो; पण ख्रिस्ती समाज म्हणून आमचे कर्तव्य तेवढ्यावर संपते का?

उत्तर : धर्मशिक्षण शिक्षिका, वांद्रे

ज्यांनी मिस्सा सोडली आहे, त्यांच्याशी आधी बोला. दोषी धर्मगुरूच्या हातचे बाप्तिस्म्यासारखे संस्कार खरे ठरतात का, ही शंका जुनीच आहे. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळातील ख्रिस्ती लोकांच्या छळात उत्तर आफ्रिकेतील काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते, आणि अशांच्या हातचे संस्कार ग्राह्य नाहीत, असा आग्रह पुढे डोनॅटस या बिशपच्या अनुयायांनी धरला. संत ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर दिले की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या योग्यतेवर तो अवलंबून नसतो. त्यामुळे फादरांच्या दोषाने तुमच्या मुलांचा बाप्तिस्मा उणा पडत नाही.

मात्र ही शिकवण भाविकांना धीर देण्यासाठी आहे. दोषी माणसाला पाठीशी घालण्यासाठी ती पुढे केली जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याच्या कलम ५३७ नुसार प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती हवी, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. तेव्हा हिशेब मागणाऱ्याला चर्चविरोधी ठरवणाऱ्यांनी आधी चर्चचाच कायदा वाचावा.

उत्तर : नागपाडा

मी प्रॉटेस्टंट मंडळीतला आहे. आमच्याकडे फादर नसून पाळक असतात, पण दुखणे तेच. आमच्याकडे अशा वेळी ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचन हमखास ऐकवले जाते. बायबलमधल्या दाविदाने, आपला पाठलाग करणारा अभिषिक्त राजा शौल एन-गेदीच्या गुहेत हाती सापडला असूनही त्याला मारले नाही, हे खरेच आहे. पण त्याच प्रसंगी शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याने शौलाचा अन्याय सर्वांसमक्ष त्याला ऐकवला, हा भाग मात्र कोणी वाचून दाखवत नाही. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचेही तसेच होते. दोन-तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप स्वीकारू नये, हे वचन सर्वांना पाठ असते, पण पाप करीत राहणाऱ्यांना सर्वांदेखत दोष द्यावा, हे लगेच पुढचे वचन वगळले जाते. पहिले वचन निर्दोष सेवकाला अफवांपासून वाचवते, दुसरे मंडळीला दोषी सेवकापासून. दोन्ही एकत्रच पाळावी लागतात.

क्षमेबद्दलही एक सांगतो. क्षमा मिळालेल्या माणसाच्या हाती लगेच पेटीच्या किल्ल्या परत द्याव्यात, असे शास्त्र कुठेही सांगत नाही.

उत्तर : वकील, अंधेरी

पैशाचे प्रकरण आणि माणसाला झालेली इजा यांत भेद करा. तुमचे चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर हिशेब तपासून घेण्याची जबाबदारी विश्वस्तांवर आहे आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. परंतु लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर समिती नेमत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या नियमांतही चर्चमधील तक्रारीमुळे देशाच्या कायद्याचे कर्तव्य सुटत नाही, असेच म्हटले आहे.

अशा एका प्रकरणात मी जे पाहिले, ते मला आजही अस्वस्थ करते. आरोप झालेल्या फादरांकडे रोज कोणी ना कोणी डबा घेऊन जात होते, आणि तक्रार करणाऱ्या मुलीची आई रविवारी बाकावर एकटी बसत होती. समाजाने काय करावे, असे विचारता ना? आधी त्या बाकावर जाऊन बसावे. चौकशी, बदली, पत्रव्यवहार हे सारे त्यानंतर.

प्रश्नकर्ता : बोरिवलीकर

सर्वांचे आभार. आर्थिक समितीकडे लेखी अर्ज देऊन, हिशेब मिस्सानंतर वाचून दाखवावा, अशी मागणी करणार आहोत. जे मिस्सा सोडून गेले आणि जे गप्प राहा म्हणत होते, त्या दोघांच्याही सह्या त्यावर घेता याव्यात म्हणून या आठवड्यात घरोघरी जाणार आहे.

उत्तर : धर्मशिक्षण शिक्षिका, वांद्रे

अर्जाची एक प्रत बिशप हाउसला पाठवा आणि पोच घ्या. नव्या फादरांना मात्र तो अर्ज देण्याआधी स्वतः भेटा. मागच्यांचा राग त्यांच्यावर निघू नये.