क्लबमध्ये अगदी समोरून ऐकलेला बँड: तुमचे अनुभव लिहा

मुठाकाठची
भाची मघाशी 'व्हेन चाय मेट टोस्ट' या बँडची गाणी लावून भांडी आवरत होती. बँजो कानावर पडला आणि माझी पोळी तव्यावर करपली. कोरेगाव पार्कातल्या क्लबमध्ये ऐकलंय यांना. स्टेज जेमतेम वीतभर उंच. गायकाच्या पायाशी चिकटपट्टीनं लावलेली गाण्यांची यादी मला उलटी का होईना, वाचता येत होती. पुढचं गाणं कुठलं ते शेजारणीला आधीच सांगून जाम भाव खाल्ला. बँड कोचीचा, मधेच मल्याळम ओळी, अर्थ कुणालाच कळत नाही आणि सगळे गळा काढून गातायत! लिहा तुमचंही. इंडी पॉपच (बड्या कंपन्यांबाहेरचं, स्वतंत्र बँडचं पॉप) हवं असं काही नाही.

खडकीकर
बँजो म्हणजे आपला मिरवणुकीतला बेंजो का 😄

मुठाकाठची
नाही रे बाबा. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात, हा बँजो गिटारच्या कुळातला.

पेठेतली पोर
मी घरी 'सवाईला जाते' सांगून गेले होते. सकाळी बाबा पेपर बाजूला ठेवून विचारतात, "मारवा कोणी गायला?" म्हटलं, मी पोचेपर्यंत संपला होता. डिसेंबर, म्हणजे सवाई महोत्सवाचे दिवस होते म्हणून निभावलं!!

निवांत
वीकेंडर हा संगीत महोत्सव 2010 ला पुण्यातच सुरू झाला, पुढे बऱ्याचदा गेलो. पण मैदानात बँड मुंगीएवढा दिसतो, आपण पडद्याकडेच बघत बसतो. क्लबमध्ये ड्रमरचं स्टूल करकरतं तेही ऐकू येतं. आपल्या पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज कुणाला आठवले नाहीत? 2017 चा अल्बम ऐका. असली हळुवार गाणी छोट्या जागेतच ऐकावीत, फक्त मागच्या टेबलानं तोंड बंद ठेवलं तर.

सायलीची आई
मागचं टेबल!!! एका बँडच्या (नाव विसरले) ऐन हळव्या गाण्यात मागे 'हॅपी बर्थडे' सुरू. ड्रमरनं सरळ त्यांचाच ताल धरला, मग अख्ख्या बँडनं ते वाजवून संपवलं आणि पुन्हा आपल्या कडव्यावर आले. थांबा, कुकर झाला

नुसताबास
आम्ही एकोणिसाव्या वर्षी दारातूनच परत. बिअरला वय 21 लागतं, कडक दारूला 25. आम्हाला लिंबू सरबत चाललं असतं हो! बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून ऐकलं. गाणं नाहीच, नुसता बास.

खडकीकर
नाव शोभतंय

ध्रुवपद
गच्चीवरचा कार्यक्रम होता, दहाच्या ठोक्याला आवाज बंद. राहिलेलं गाणं त्यांनी माईकशिवाय, साध्या गिटारवर म्हटलं. तेच सगळ्यात भारी झालं.

नियमावली
सन 2000 चे ध्वनी नियम. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, बंदिस्त सभागृहाला सूट. गच्ची बंदिस्त नव्हे.

ध्रुवपद
बरं सर 🙏

कोथरूडची
मला एकच विचारायचंय, रात्री कोरेगाव पार्कातून कोथरूडला रिक्षा मिळते का? शनिवारी जायचंय.

निवांत
मिळते. फक्त रिक्षावाला सोडेल तेच आपलं कोथरूड.

सायलीची आई
आले. बर्थडेवाल्यांनी नंतर बँडला केक नेऊन दिला, तेवढं राहिलं सांगायचं. @कोथरूडची, आम्हीपण जातोय शनिवारी, गाडीत एक जागा आहे. व्यक्तिगत निरोप कर.