मानसशास्त्राचा आरंभ १८७९ सालीच का धरतात?

दुसरेवर्ष_कला

नमस्कार. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र घेतले आहे. विल्हेम वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे पहिली प्रयोगशाळा काढली आणि तेथून हे शास्त्र सुरू झाले, असे आमच्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. मात्र फेशनर यांचा मानसभौतिकीवरचा (उद्दीपक आणि त्याची होणारी जाणीव यांचे नाते मोजणाऱ्या शास्त्रावरचा) ग्रंथ १८६० सालचा असल्याचेही त्याच प्रकरणात दिले आहे. ॲरिस्टॉटलने स्मृतीवर लिहिले होते, आणि योगसूत्रांत प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा व स्मृती अशा पाच चित्तवृत्ती सांगितल्या आहेत, ते तर फारच जुने. मग १८७९ मध्ये नेमके नवीन काय घडले? आणि आज आम्ही ज्या शाखा शिकतो, म्हणजे चिकित्सा, शैक्षणिक, औद्योगिक वगैरे, त्यांचा त्या जर्मन प्रयोगशाळेशी खरोखर काही संबंध आहे का?

जुनी_प्रयोगवही

तुमची शंका रास्त आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात या विषयाची प्रात्यक्षिके घेतली, त्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. प्रयुक्ताच्या, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याच्या, डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आधी १०० ग्रॅमची आणि मग १०५ ग्रॅमची डबी उचलायला दिली, तर दुसरी जड असल्याचे तो बहुधा ओळखतो. पण एक किलोच्या वजनात तेच पाच ग्रॅम वाढवले, तर त्याला पत्ताही लागत नाही. जाणवणारा फरक हा मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असतो, हे लाइपझिगच्याच वेबर यांनी दाखवले होते, आणि उचललेल्या वजनांसाठी ते प्रमाण त्यांना सुमारे एक चाळीसांश आढळले. फेशनर यांनी त्याला गणिती रूप दिले. त्याच सुमारास, १८५० मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजला आणि तो सेकंदाला अवघा तीसेक मीटर भरला. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा समजला जात असे. मनोव्यापाराला वेळ लागतो आणि तो वेळ मोजता येतो, हा धीर अभ्यासकांना त्या बेडकाने दिला, असे मी वर्गात नेहमी सांगत असे.

म्हणजे मोजमाप वुंट यांच्या आधीपासून होते. खोलीचे म्हणाल, तर विल्यम जेम्स यांच्याकडे हार्वर्डला १८७५ पासूनच प्रात्यक्षिकांसाठी एक जागा होती. १८७९ च्या हिवाळ्यात निराळे घडले ते असे की, माक्स फ्रीडरिख या विद्यार्थ्याने वुंट यांच्या खोलीत सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारे घड्याळ वापरून, समोर आलेली गोष्ट स्पष्टपणे जाणवायला किती वेळ लागतो, यावर आपल्या पदवीचे संशोधन सुरू केले. यंत्र, पद्धत, विद्यार्थी, पदवी आणि लवकरच स्वतःचे नियतकालिक हे सारे एका छताखाली आले, आणि या शास्त्राचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या माणसांची एक पिढी तयार होऊ लागली. वुंट यांच्या हाताखाली दीडशेहून अधिक जणांनी डॉक्टरेट केली. विद्यापीठाने त्या खोलीला रीतसर मान्यता दिली ती १८८३ च्या सुमारास, त्यामुळे १८७९ हे साल बरेचसे सोयीचे आहे हे मान्यच करावे लागते.

जाता जाता एक दुरुस्ती. बाजारातल्या मार्गदर्शकांत वुंट यांना सरसकट 'रचनावादी', म्हणजे मनातील अनुभव त्याच्या साध्या घटकांत फोडून पाहणारे, म्हटलेले असते. तो रचनावाद त्यांचे शिष्य टिचनर यांनी अमेरिकेत रुजवला. स्वतः वुंट यांचे मत असे होते की भाषा, मिथके आणि चालीरीती यांतून दिसणारे मन प्रयोगशाळेत सापडणार नाही, आणि त्यासाठी त्यांनी उतारवयात लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले. स्मृतीवर मात्र प्रयोग होऊ शकतात, हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये सिद्ध केले, तेही एकट्याने. निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ करायच्या, ठरावीक काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते नोंदवायचे. तासाभराने ही बचत ४४ टक्क्यांवर आणि दिवसाने ३४ टक्क्यांवर आली. महिन्यानंतरही ती २१ टक्के उरली होती. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हे तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री अनुभवले असेलच.

समुपदेशन_कक्ष

शाखांविषयी मी लिहिते, कारण माझे रोजचे काम चिकित्सा मानसशास्त्राचे आहे. या शाखेची वाट लाइपझिगहून निघालेली अगदी स्पष्ट दिसते. लायटनर विटमर यांनी वुंट यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि १८९६ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. तिथे पहिल्यांदा आलेला मुलगा १४ वर्षांचा होता. इतर बाबतीत ठीक असूनही त्याला शुद्धलेखन जमत नव्हते, म्हणून त्याच्या शिक्षिकेने त्याला आणले होते. विटमर यांनी प्रथम त्याचे डोळे तपासून घेतले, दृष्टिदोष सापडल्यावर चष्म्याची व्यवस्था केली आणि मग त्याच्यासाठी खास शिकवणी ठेवली. माझ्याकडे 'मुलगा हुशार आहे, पण लिहीत नाही' असे म्हणत पालक येतात, तेव्हा मीही आधी दृष्टी व श्रवण यांची तपासणी करून घ्यायला सांगते. वुंट यांचेच शिष्य म्यून्स्टरबेर्ग यांनी ट्रामचालकांच्या निवडीसाठी चाचण्या तयार केल्या, आणि औद्योगिक मानसशास्त्राच्या आरंभकाळातील प्रमुखांत त्यांची गणना होते.

पण सारेच लाइपझिगच्या खाती जमा करू नये. बिने यांचे शिक्षण कायद्याचे होते. ज्या मुलांना शाळेत विशेष मदत लागेल ती ओळखण्यासाठी त्यांनी सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली, ती वुंट यांच्या परंपरेबाहेर. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड हे वैद्यकातून आले. आणि वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवाद, म्हणजे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा हा विचार, मांडला तो मुळी अंतर्निरीक्षण (स्वतःच्या मनात डोकावून अनुभव सांगण्याची पद्धत) मोडीत काढण्यासाठीच. त्यामुळे एकच झाड आणि त्याच्या फांद्या, हे पुस्तकातले चित्र मला पटत नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले ओढे विद्यापीठांच्या विभागांत एकत्र झाले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

दुसरेवर्ष_कला

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भारतात हे कोणत्या मार्गाने आले?

जुनी_प्रयोगवही

ताईंचा ओढ्यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि भारतातही तसेच दोन ओढे दिसतात. कोलकाता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला म्यून्स्टरबेर्ग यांच्याकडे शिकले होते, म्हणजे वुंट यांचे नातशिष्यच. त्याच शहरात डॉक्टर असलेल्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बिने यांची श्रेणी आपल्या भाषेत आणण्याचे श्रेय व्ही. व्ही. कामत यांचे, त्यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली व त्यावरचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. परीक्षेत दोन गुणांच्या प्रश्नाला मात्र 'वुंट, लाइपझिग, १८७९' एवढेच लिहा. बाकीचे दीर्घोत्तरी प्रश्नासाठी राखून ठेवा.