एम.फिल. बंद झाल्यानंतर राज्यशास्त्रातील पीएच.डी.ची पूर्वतयारी कशी करावी?

प्रश्न : बालाघाट

नमस्कार. मी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून राज्यशास्त्रात एम.ए. पूर्ण केले. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यानुसार आम्हाला पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही सत्रे मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प होता. कागदावर हे पुष्कळ वाटते. प्रत्यक्षात पद्धतीच्या तासाला गृहीतकाची व्याख्या आणि नमुना निवडीचे प्रकार उतरवून घेण्यापलीकडे काही झाले नाही. प्रकल्पासाठी मी ५० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, टक्के काढले आणि प्रत बांधणीला दिली. त्या टक्क्यांवरून काय निष्पन्न झाले, असे तोंडी परीक्षेत कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते; सुदैवाने कोणी विचारले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केल्यामुळे एम.ए. आणि पीएच.डी. यांच्या मधली पायरीच उरलेली नाही. मी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत केवळ पीएच.डी. प्रवेशाच्या श्रेणीत पात्र ठरले आहे आणि ते गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात. ‘मराठवाड्यातील महिला सरपंचांचे नेतृत्व : एक अभ्यास’ असा विषय मनात आहे. लगेच अर्ज करावा, की वर्षभर थांबून आधी संशोधन शिकावे, आणि थांबले तर ते शिकावे कुठे?

उत्तर १ : जुना_गाइड

एम.फिल.बद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांत मीही आहे, पण थोडा हात राखून. अनेक ठिकाणी ती पदवी म्हणजे पीएच.डी.चीच लहान आवृत्ती झाली होती. तिचा खरा उपयोग एवढाच होता की, चुकण्याची किंमत कमी होती. दीड वर्षात प्रबंधिका फसली तरी पुढच्या कामात ती चूक टळत असे. आता किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क प्रवेशानंतर असते, म्हणजे विषय आणि मार्गदर्शक जवळपास ठरून गेल्यावर. म्हणून ती चूक आपण आधीच, स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी, असे माझे मत आहे.

आपल्या विषयात अजून प्रश्न नाही. ‘एक अभ्यास’ हे दोन शब्द संशोधन आराखड्यात दिसले की मी पेन खाली ठेवतो. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. त्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालेल्या गावांत सरपंच सदस्यांनी निवडला, तर डिसेंबर २०२२ मध्ये मतदान झालेल्या गावांत थेट मतदारांनी. अनेकदा एकाच तालुक्यात ही दोन्ही प्रकारची गावे सापडतात आणि कोणते गाव कोणत्या गटात पडले, हे मुख्यतः मागच्या पंचायतीची मुदत कधी संपली यावर ठरले, गावाच्या स्वभावावर नव्हे. तुलना करणाऱ्याला याहून सोयीची परिस्थिती क्वचितच मिळते. आता विचारा : थेट निवडून आलेल्या महिला सरपंचाचे पॅनेल सदस्यांमध्ये अल्पमतात असेल, तर ठराव कोणाच्या इच्छेने होतात? याचे उत्तर मुलाखतीत ‘मीच कारभार पाहते’ या वाक्यात मिळणार नाही. ते मासिक सभेच्या इतिवृत्तात, सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणाची नावे वारंवार येतात यात शोधावे लागेल.

दोन गावे, प्रत्येकी एका वर्षाची इतिवृत्ते आणि वीस पानांचे टिपण. एवढे केल्यावर अर्ज करावा.

उत्तर २ : मतदान_केंद्र_११२

सरांच्या म्हणण्याला क्षेत्रकार्याच्या बाजूने पुस्ती जोडतो. मी विद्यार्थी असताना दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती उपक्रमाच्या मतदानोत्तर सर्वेक्षणात काम केले. तिथे उत्तरदाते मतदार यादीतून ठरावीक अंतराने निवडून दिलेले असतात. दारात जो भेटेल त्याला विचारून चालत नाही. यादीत सुनेचे नाव असेल तर सुनेचीच मुलाखत घ्यायची आणि ओसरीवर बसलेले सासरे ‘मला विचारा, तिला काय कळतं’ म्हणाले, तर त्यांना न दुखावता तिची वाट पाहायची. मत कोणाला दिले हे तोंडी विचारायचे नाही. नमुना मतपत्रिका तिच्या हाती द्यायची, खूण करून ती डब्यात टाकेपर्यंत आपण नजर दुसरीकडे ठेवायची. आपल्या ५० प्रश्नावल्या कोणी, कोणासमोर भरल्या हे आठवून पाहा, म्हणजे त्या टक्क्यांचे काय झाले ते कळेल.

लोकनीतीची आकडेवारी विश्लेषणाची उन्हाळी कार्यशाळाही असते. तिच्यावर लक्ष ठेवावे. तोवर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून एका विधानसभा मतदारसंघाचा फॉर्म २० (मतदान केंद्रनिहाय निकालपत्रक) उतरवून घ्या आणि केंद्रनिहाय मते एक्सेलमध्ये हाताने भरा. काम कंटाळवाणे आहे. मात्र तीनशे ओळी भरल्यावर गाव एकगठ्ठा मतदान करते की वाडीवस्तीप्रमाणे विभागते, हे डोळ्यांना दिसू लागते.

उत्तर ३ : परभणी_पॅसेंजर

जुना_गाइड सरांचा आदर राखून असहमती नोंदवते. वर्षभर थांबा, असे सांगणे सोपे आहे. ते वर्ष घरी काढणाऱ्या मुलीला पाहुणे दाखवायला सुरुवात होते, हे सरांच्या हिशेबात नसावे. फेलोशिपशिवाय फिरणेही परवडत नाही आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते. म्हणून गुण ग्राह्य आहेत तोवर ताईंनी अर्ज करावा आणि ते वीस पानांचे टिपण मुलाखतीच्या आधी तयार ठेवावे. ७० टक्के भार नेटच्या गुणांना असला तरी उरलेला ३० टक्के मुलाखतीचाच आहे. दरम्यान शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर महिला सरपंचांवरील पाच प्रबंध उघडून त्यांचे फक्त पद्धतीचे प्रकरण वाचावे. काय करू नये, याचे शिक्षण तिथे फुकट मिळते.

बालाघाट

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज भरला आहे. काल आमच्या ग्रामपंचायतीत गेले होते. ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही पाहू दिली, फोटो मात्र काढू दिला नाही, त्यामुळे हाताने उतरवून घेतले. आमच्याकडे सरपंच २०२१ मध्ये सदस्यांमधून निवडल्या गेल्या. पहिल्या दोन सभांच्या ११ ठरावांपैकी ९ ठरावांचे सूचक उपसरपंच आहेत आणि सर्व ११ ठरावांच्या खालची सही सरपंचताईंची आहे. शेजारच्या गावात निवड थेट झाली होती. सोमवारी तिथली वही पाहायला जाते आहे.