पाण्याच्या बिलावर 70 टक्के मलनिःसारण आकार का? आणि पावसाळी नाल्यांचे पैसे कोण भरतं?

परळ_सचिव
मुंबईत परळच्या आमच्या 48 सदनिकांच्या सोसायटीचा मी सचिव. पाण्याच्या बिलात पाण्याच्या रकमेवर 70 टक्के मलनिःसारण आकार लागतो. सर्वसाधारण सभेत एका काकांनी विचारलं, बागेला घातलेलं पाणी गटारात जात नाही, मग त्यावरही 70 टक्के का? शिवाय पावसात जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबतं, त्या नाल्यांच्या कामाचा पैसा बिलात कुठेच दिसत नाही. तो कोण देतं? पुढच्या सभेत मला नीट उत्तर द्यायचंय.

निवृत्त_जलखाते
सचिवसाहेब, पालिकेच्या जलअभियंता खात्यात माझी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

नळाला मीटर बसतो, मलवाहिनीला घरोघरी बसवता येत नाही. ती उतारावर वाहते, बहुतेक वेळ अर्धवटच भरलेली असते. म्हणून किती पाणी आत आलं यावरून किती बाहेर गेलं ते धरायचं, ही जगभरची पद्धत. आपल्याकडे मलवाहिन्यांचा आराखडा करताना पुरवलेल्या पाण्यापैकी 80 टक्के मैलापाणी होतं असं धरतात. बागेचं, सांडलेलं पाणी उरलेल्या वीस टक्क्यांत आलं. काकांना हेही सांगा की बिलातले 70 टक्के म्हणजे पाण्याचं प्रमाण नव्हे, पाण्याच्या रकमेचं. मैलापाणी उपसायला, शुद्ध करायला आणि समुद्रात सोडायला जो खर्च येतो त्याचा तो वाटा. आता वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप आणि धारावी इथे नवी मलप्रक्रिया केंद्रं होतायत, तेव्हा हा खर्च घटणार नाही.

दर फार आहे का, तेही बघा. 2022 च्या वाढीनंतर निवासी इमारतींना हजार लिटरला 6 रुपये 36 पैसे पडायला लागले. उद्योगांना त्याच्या दहापट, तारांकित हॉटेलांना पंधरापट. तुमच्या 48 घरांनी महिन्याला 900 युनिट (एक युनिट म्हणजे हजार लिटर) वापरली तर मलनिःसारण धरून घरामागे दोनशे रुपयांच्या आसपास. भातसा धरणाचं पाणी शंभर किलोमीटरवरून उपसून, शुद्ध करून दारात येतं, त्याचे हे पैसे. टँकरवाल्याचं बिल शेजारी ठेवून सभेत दाखवा. 2012 मध्ये स्थायी समितीने दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढीचा अधिकार आयुक्तांना दिला, त्यामागे वीज, आस्थापना आणि राज्य सरकारला द्यायचे कच्च्या पाण्याचे पैसे हीच कारणं होती.

मालमत्ता कराच्या बिलात ‘जललाभ कर’ आणि ‘मलनिःसारण लाभ कर’ अशा दोन ओळी असतात. त्या मुख्यतः भांडवली कामांसाठी. पावसाळी नाल्यांना मात्र स्वतःची ओळ कुठेच नाही. तो खर्च पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीतून होतो. माझं खरं दुखणं तिथे आहे.

जुन्या नाल्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटर पावसाची, आणि त्यातही अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरलेलं. मुंबईच्या पावसाळी नाल्यांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी 50 मिलिमीटर धरा आणि काहीच मुरत नाही असं समजा, असं सांगितलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतर कामं जोरात सुरू झाली. पण काहीच मुरत नाही, हे झालं कसं? आपण प्रत्येक आवार भिंतीपासून भिंतीपर्यंत फरसबंद केलं. त्याचा भार नाल्यावर आणि हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया इथल्या पावसाचं पाणी उपसणाऱ्या पंपांवर पडतो. माती राखणारा आणि सगळं काँक्रीट करणारा, दोघांनाही सारखंच शून्य बिल. हे मला पटत नाही.

बेलव्ह्यूवासी
मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला राहतो. इथे 1974 पासून पावसाळी पाण्याची वेगळी व्यवस्था आहे. दोन महिन्यांनी बिल येतं, त्यात पाणी, सांडपाणी आणि पावसाळी निचरा अशा तीन ओळी. तिसरी ओळ नळाच्या मीटरवर नाही, जागा केवढी आणि तिच्यावर बांधकाम किती दाट यावर ठरते. मोकळ्या जमिनीपेक्षा दुकानं आणि पार्किंगच्या जागेला दर जास्त. सांडपाण्याच्या ओळीत मोठा भाग किंग काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी), कारण शुद्धीकरण ती करते. दर ठरण्याआधी नागरिकांचा आयोग तपासणी करून नगर परिषदेला सल्ला देतो.

चाळकरी_लालबाग
साहेब, आमच्या चाळीत मातीचा टिचभर तुकडा नाही. फरशी मोजून पैसे लावले तर मरणार गरीबच.

निवृत्त_जलखाते
दादा, शंका रास्त आहे. पण मोजायचं कुटुंबामागे. तळमजला अधिक तीन, 80 खोल्यांची चाळ. छप्पर आणि अंगण मिळून जागा 80 घरांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते. कुंपणापर्यंत पोडियम (इमारतीखालचा पक्का चौथरा) बांधलेल्या टॉवरला आणि मॉलला ती कितीतरी जास्त येईल. त्यातूनही झोपडपट्टीला पाण्याचा दर आजही कमी आहेच, तशीच सवलत इथेही ठेवावी. माझा आग्रह तोच आहे.

परळ_सचिव
आभारी आहे. आमच्या मागच्या आवारात पेव्हर ब्लॉक घालायचा ठराव येतोय. तो थांबवू का?

निवृत्त_जलखाते
जरूर. गाड्या जातात तेवढाच पट्टा फरसबंद करा, बाकी माती ठेवा. गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा आणि त्यातला गाळ मे महिन्यातच काढून घ्या.