मदत हवी आहे: भाचीसाठी ग्लूटेन फ्री चॉकलेट ब्राउनी

भाचीला सीलिअ‍ॅक हा गहू-बार्लीतलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार आहे, म्हणजे गहू, मैदा, रवा, बार्ली सगळं कायमचं बंद, आणि वाढदिवसाला तिला चॉकलेटचंच काहीतरी हवंय. नाचणी घरीच मिक्सरवर दळणारे, गिरणीत आधी गहू दळलेला असतो त्यामुळे ते पीठ तिला चालत नाही. नुसत्या नाचणीची ब्राउनी कापताना भुगा होते ना, मग त्यात बदामाची पूड किती घालू? पीठ बांधून ठेवणारा झँथन गम इकडे मिळत नाही, इसबगोल चालेल का, पाव किलो पिठाला किती चमचे? अंडं चालतं. ओटीजी आहे, १८० वर किती मिनिटं ठेवू? बेकिंग पावडरमध्येही कधी गव्हाचा स्टार्च असतो म्हणे, तर खात्रीची कुठली ते पण सांगा प्लीज, पोरीला यंदा पोटभर खाऊ दे.